रॅकवरचा रशिया

कागलच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात मी परदेशी गिऱ्हाइकांच्या मेल बघते. कॉलेज संपल्यावर लागलेली ही पहिलीच नोकरी. मी इंग्रजी शाळेत शिकले एवढ्या एका गोष्टीवर ती मिळाली. मुलाखतीत मालकांनी त्यांच्या फोनवरची एक मेल वाचायला दिली आणि विचारलं, "चिडून लिवलंय का गोडीत?" मी म्हटलं, "चिडून, पण सभ्यपणे." ते म्हणाले, "हे आमच्यातल्या कुणालाच कळत न्हाय. उद्यापास्नं ये."

पहिले काही महिने मला फाउंड्रीत काय चालतं हेच नीट कळत नव्हतं. शेवटी पॅटर्न स्टोअर सांभाळणाऱ्या मामांनी समजावून सांगितलं. जो भाग लोखंडात ओतायचा असतो त्याचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करतात. तो पॅटर्न. वाळूत त्याचा ठसा घ्यायचा, पॅटर्न अलगद उचलून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. मग पॅटर्न पुन्हा रॅकवर, पुढच्या ऑर्डरपर्यंत. पॅटर्न गिऱ्हाइकाच्या पैशातून झालेला असतो, म्हणून तो त्यांचाच. आम्ही नुसते सांभाळणारे. काही पॅटर्न वर्षानुवर्षं आमच्याकडे असतात आणि त्यांच्या मालकांनी ते डोळ्यांनी पाहिलेलेही नसतात.

प्रत्येक पॅटर्नला लांबलचक नंबर असतो, पण तो कामगारांच्या तोंडी बसत नाही. म्हणून मामांनी पांढऱ्या रंगात, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, तो जिथला त्या गावाचं नाहीतर देशाचं नाव लिहून टाकलं होतं. स्टोअरच्या बाहेरून गेलं की आतली बोलणी ऐकू यायची.

"ए, रशियाच्या डोक्यावर पोलंड ठिवू नकोस रं! पिचंल की त्ये."

"मग कुठं ठिवू? पुण्यात जागा न्हाय."

"कोइमतुरात बघ. न्हायतर पोलंड आडवा कर."

मी हसायचे, पण आत जाऊन हसायचे नाही. बाहेरच, एकटीच. आत गेले की सगळे गप्प व्हायचे. "मॅडम आल्या," असं कोणीतरी म्हणायचं आणि सगळे शुद्ध बोलायला लागायचे. ते मला जास्त लागायचं. शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि घरी इंग्रजी शब्द आला की चुलतभाऊ नकला करायचे, त्यामुळे दोन्हीकडे कमी बोलायची सवय लागली. वर्गातल्या मैत्रिणी पुण्याला, बंगळूरला, काही त्याही पलीकडे गेल्या. मी कसबा बावड्यातच राहिले. सकाळी ताराराणी चौकातून कंपनीची बस, संध्याकाळी पुन्हा तीच बस. दुपारचा डबा ऑफिसातच, कॉम्प्युटरसमोर.

रशियातल्या बाईंची ओळख झाली ती एका तक्रारीमुळे.

त्या एका छोट्या शहरातल्या कारखान्यात खरेदी खात्यात होत्या. तिथे मळणी यंत्रं व्हायची. त्यांच्या गिअरबॉक्सचं कवच आम्ही ओतून द्यायचो. मी लागले त्या वर्षी खंडेनवमीनंतर गेलेल्या मालातल्या एका कवचावर त्यांना तांबडा डाग सापडला. हा गंज आहे का, असेल तर का आहे, अशी मेल आली. मी मामांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "कुकू हाय ह्ये."

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा होते. भट्टीची, क्रेनची, घणाची आणि सगळ्या पॅटर्नची. मामा प्रत्येक पॅटर्नला हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात, आणि त्या दिवशी पॅकिंगमध्ये असलेल्या मालालाही एक बोट टेकवतातच. हे सगळं इंग्रजीत कसं लिहायचं ते मला सुचेना. शेवटी साधंच लिहिलं. हा गंज नाही. वर्षातून एक दिवस आम्ही ज्या गोष्टींवर आमचं पोट चालतं त्यांचे आभार मानतो, त्याची ही खूण आहे. कापडाने पुसली की जाईल.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "समजलं. पुसणार नाही."

त्यानंतर आमचं लिहिणं सुरू झालं. त्यांचं इंग्रजी माझ्या कोल्हापुरीसारखं होतं, तुटक, जपून टाकलेलं. "आज बर्फ. बस उशिरा. मी ठीक. तू?" एवढंच. कामाच्या मेलखाली दोन ओळी. त्यांना फोनवर बोलायला आवडायचं नाही, मलाही नाही. कधी खिडकीतल्या टोमॅटोच्या रोपांचा फोटो यायचा. दुधाचे खोके कापून त्यात लावलेली रोपं आणि पलीकडे पांढरंशुभ्र अंगण. मी त्यांना गळीत हंगामात बावड्यात मळीचा वास कसा येतो ते लिहिलं. त्यांनी विचारलं, चांगला की वाईट? मी म्हटलं, वाईट, पण नसला की चुकल्यासारखं होतं. त्यांचा धाकटा भाऊ ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि रात्री सगळ्या बिल्डिंगला त्रास होईल इतक्या जोरात गाणी लावायचा. त्याच्याविषयी प्रत्येक मेलमध्ये काहीतरी असायचं.

आणि पॅटर्नविषयी. त्या त्याला "आमची मुलगी" म्हणायच्या. "आमची मुलगी तुमच्या घरी कशी आहे?" दर खंडेनवमीला मी हार घातलेल्या त्यांच्या पॅटर्नचा फोटो पाठवायचे. त्या लिहायच्या, "सुंदर. मी अशी कधी सजले नाही."

मला दिवसभरात कशी आहेस म्हणून विचारणारं माणूस ते एवढंच होतं. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नसतं.

मग युद्ध सुरू झालं.

पहिल्या दिवशी शेजारच्या कॅन्टीनमधून नुसती चेष्टा ऐकू येत होती. "मामा, रशियानं लावलं बगा भांडान."

"आमचा रशिया गप पडलाय वरच्या फळीवर. त्यो कुणाला काय करत न्हाय."

"आन् युक्रेन?"

"ते गिऱ्हाईक आपलं न्हाय. असतं तर दोघांस्नी एकाच फळीवर ठिवलं असतं. भांडू दे म्हटलं असतं हितंच."

मी मात्र डबा तसाच झाकून मेल उघडल्या. रशियाला निघालेला माल मुंबईच्या बंदरावर होता. जहाजवाल्यांनी तो घ्यायला नकार दिला, बँकेने पैसे घ्यायला. काही आठवड्यांनी तो माल जसाच्या तसा परत आला आणि अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिला. पावसाळ्यात त्यावर खरोखरचा गंज चढला. शेवटी मालकांनी तो पुन्हा भट्टीत टाकला.

बाईंच्या मेल कमी होत गेल्या. कामच नव्हतं, मग मेलला निमित्त काय? सणासुदीला दोन ओळी यायच्या. टोमॅटो होते, बर्फ होता, बस उशिरा येत होती. भाऊ मात्र त्या ओळींतून नाहीसा झाला. पहिल्यांदा वाटलं, राहून गेलं असेल. पुढच्या मेलमध्ये नव्हता, त्याच्या पुढच्या मेलमध्येही नव्हता. मी विचारलं नाही. विचारायचं वाक्य मी बऱ्याचदा टाइप केलं आणि पुसलं.

आता पोलंडविषयी सांगायला हवं, कारण रशियाची ऑर्डर बंद पडल्यावर आमची दुसरी शिफ्ट पोलंडवरच चालत होती. त्यांच्या पंपांची कवचं आम्ही ओतत होतो. तिथले खरेदी प्रमुख उंच, शांत, वेळेचे पक्के गृहस्थ. एकदा ते कोल्हापूरला येऊनही गेले होते. मालकांनी त्यांना फेटा बांधला. तो कधी काढायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही, म्हणून ते जेवण होईपर्यंत, नंतर भट्टीजवळच्या उकाड्यातही फेटा घालूनच फिरले. कामगारांना ते फार आवडले.

युद्ध सुरू झाल्यावर त्यांच्याशी दर आठवड्याच्या व्हिडिओ कॉलमध्ये कधी कधी मागून एक लहान मुलगी जायची. एकदा ती त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. ते म्हणाले, "आमच्याकडे पाहुणे आहेत. आई आणि दोन मुलं. सीमेपलीकडून आलेत. वडील तिकडेच आहेत." एवढंच सांगून ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्यानंतर त्यांच्या कंपनीने आमच्याकडून लिहून घेतलं की आमचं कच्चं लोखंड रशियातून येत नाही आणि आम्ही रशियाला काही पाठवत नाही. दोन्ही खरंच होतं. मालकांनी सही केली.

युद्धाच्या तिसऱ्या वर्षीच्या खंडेनवमीला नेहमीसारखी पूजा झाली. मामांनी सगळे पॅटर्न रॅकवरून उतरवून अंगणात मांडले. बायकांनी रांगोळी काढली, चिरमुरे-बत्ताशांचा प्रसाद झाला. मालक दरवर्षी स्वतःच्या फोनवर सगळ्यांचा मिळून एक फोटो काढतात आणि सगळ्या गिऱ्हाइकांना एकदमच पाठवतात. त्या दिवशीही पाठवला. मागे भट्टी, पुढे ओळीने पॅटर्न, सगळ्यांच्या गळ्यात हार.

पुढच्या कॉलला पोलंडच्या साहेबांनी कॅमेरा सुरू केला, पण नमस्कार केला नाही. त्यांनी आमचाच फोटो स्क्रीनवर आणला आणि मोठा करत नेला. झेंडूच्या हाराखाली, आधीच्या वर्षी मागच्या ओळीत झाकलेला आणि आता पहिल्या ओळीत, पोलंडच्या शेजारीच पांढऱ्या अक्षरांत रशिया.

"हा अजून चालू आहे?" त्यांनी विचारलं.

मालक माझ्या शेजारी बसले होते. कॉलवर नेहमी असंच असायचं. ते बोलायचे, मी ते इंग्रजीत सांगायचे, आणि सांगताना कडा घासून गुळगुळीत करायचे.

"न्हाय म्हणावं. बंद हाय कवापास्नं."

मी सांगितलं.

"मग त्याला हार का घातला?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, जणू प्रश्न मीच विचारला होता. "घातला म्हंजे? सगळ्यांस्नी घातला की! ह्याला घालायचा आन् त्याला वगळायचा, असं पूजेत असतंय व्हय? देवाला काय व्हिसा लागतोय?"

मी सांगितलं की आमच्या प्रथेप्रमाणे कारखान्यातल्या प्रत्येक वस्तूची पूजा होते, ती वापरात असो वा नसो. व्हिसाचं गाळलं.

साहेबांनी स्क्रीनवरचा फोटो बंद केला. मग हळू आवाजात म्हणाले, "मला तुमच्यावर विश्वास आहे. मी तिथे आलोय, मला माहीत आहे. पण हा फोटो आमच्याकडे आणखी तिघांना गेलाय. त्यांना दिसतंय ते एवढंच, की तुम्ही त्या देशाचं काम सजवून पुढे ठेवलंय. माझ्या घरात जी बाई राहते तिला मी काय सांगू?" मग, "तुमच्या देशाची सगळ्यांशी मैत्री आहे. आम्हाला ती चैन परवडत नाही."

त्यांना तो पॅटर्न नष्ट झालेला हवा होता. फोडलेला, आणि तसा फोटो. नाहीतर पुढच्या तिमाहीची ऑर्डर थांबेल.

मी मालकांना सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. दुसऱ्या शिफ्टची माणसं त्या वेळी खिडकीबाहेरून आत येत होती, डबे हातात घेऊन, एकमेकांच्या पाठीत थापा मारत.

"दुसऱ्यानं आपली पोर सांभाळायला दिलीया," मालक म्हणाले, "आन् ह्यो म्हणतोय नरडं दाबा." मग आवाज बराच खाली आणून, "पर ह्याचं काम गेलं तर ह्यांस्नी काय सांगू मी?"

त्यांनी पुढे काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. स्क्रीनवर साहेब वाट बघत होते. मी आजवर त्या कॉलवर स्वतःचं एक वाक्यही बोललेले नव्हते.

मी म्हटलं, "तो पॅटर्न आमचा नाही. ज्यांचा आहे त्यांना विचारल्याशिवाय आम्ही त्याला हात लावणार नाही. तुमच्या पॅटर्नच्या बाबतीतही आम्ही हेच करू."

साहेबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "विचारा. पुढच्या कॉलला सांगा."

कॉल बंद झाल्यावर मालकांनी विचारलं, "काय म्हणालीस गं त्याला?"

"तुम्ही म्हणाला असता तेच."

"मी तर काय म्हणालोच न्हाय की."

"हो."

ते हसले नाहीत. "बरं केलंस," म्हणाले आणि उठून भट्टीकडे गेले.

विचारायचं मीच होतं. त्या दुपारी मी बाईंना मेल लिहायला बसले. आजवर त्यांना लिहिताना मी कधी खाडाखोड केली नव्हती. भावाच्या त्या वाक्याची केली होती तेवढीच. काय लिहायचं? तुमची मुलगी आता आम्हाला घरात ठेवता येत नाही? तिला तुमच्याकडे पाठवताही येत नाही, कारण कुठलंच जहाज तिला घेणार नाही? शेवटी जे होतं ते लिहिलं. मालक काय म्हणाले तेही लिहिलं, शिफ्टचंही लिहिलं. ज्या माणसाने हे मागितलंय तो वाईट नाही, हेही लिहिलं, आणि मग वाटलं की ते त्यांना का सांगावं, पण पुसलं नाही. खाली दोन ओळींची जागा होती. तिथे काहीच सुचलं नाही.

उत्तर येईना. घरी मी फोन उशाशी घेऊन झोपत होते. आईच्या ते नजरेतून सुटलं नाही.

"कुणाची वाट बघतीस सारखी त्या फोनात?"

"ऑफिसची मेल आहे."

"ऑफिसच्या मेलीला डोळं भरत्यात व्हय? कुणी हाय काय? असंल तर सांग, मी काय खात न्हाय तुला."

पेपर वाचत बसलेले बाबा आतून म्हणाले, "अगं, रशियातनं मेल यायची हाय म्हणं तिला."

"रशिया?" आई लाटणं हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "लांबचं हाय. पर हुंडा मागत न्हाईत म्हणं तिकडं."

मी हसले. आईलाही बरं वाटलं. त्यापलीकडे मी तिला काही सांगू शकले नाही. जिला मी भेटले नाही, जिचा आवाज ऐकला नाही, तिच्या एका लाकडी वस्तूसाठी मी जागी आहे, हे कोणत्या भाषेत सांगायचं?

पुढच्या कॉलच्या आदल्या दिवशी मेल आली. कंपनीच्या नावाने, कंपनीच्या छापील मायन्याने. वर त्यांचं नाव होतं पण माझं नव्हतं. पॅटर्नचा लांबलचक नंबर बिनचूक लिहिलेला. सदर पॅटर्नची आमच्या कंपनीस गरज नाही, आपण तो नष्ट करू शकता, त्याबद्दल आमची कोणतीही मागणी राहणार नाही. बर्फ नाही, बस नाही. "तू?" नाही. ही मेल त्यांच्याकडेही आणखी कोणी वाचणार असेल, हे मला वाचता वाचताच कळलं.

खाली, सहीच्याही खाली, एक ओळ होती.

"आधी फुलं काढा."

खंडेनवमीचे हार मामा दिवाळीच्या साफसफाईपर्यंत काढत नाहीत. मी एका मेलमध्ये कधीतरी हे लिहिलं होतं. हार आपोआप वाळू द्यायचे, ओरबाडून काढायचे नाहीत, आणि मग नदीत सोडायचे. मीच विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टोअरमध्ये गेले. सगळे गप्प झाले, पण या वेळी माझ्यामुळे नाही. मामांना आधीच कळलं होतं.

"मॅडम, मी न्हाय हां करणार. पूजा केल्याल्याला मी हातोडा लावणार न्हाय."

"तुम्ही फक्त खाली उतरवून द्या मामा."

दोघांनी तो अंगणात आणून ठेवला. इतकी वर्षं त्याचे फोटो पाठवत होते, पण मी त्याला हात लावलेला नव्हता. सागवानी होता. वरचा रंग वाळूने घासून घासून कडांना उडाला होता आणि त्या जागी लाकूड हाताला गुळगुळीत लागत होतं. हार वाळून तपकिरी झाला होता. मी तो सोडवायला लागले तेव्हा पाकळ्या बोटांत चुरल्या. लाकडाच्या रेघांमध्ये हळद बसलेली होती, ती निघाली नाही. मामांनी न विचारता एक स्वच्छ पिशवी पुढे धरली. हार तिच्यात गेला.

मग मालक आले. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, हात जोडले आणि घण उचलला. पहिल्या घावात काहीच झालं नाही. घण उसळला. दुसऱ्याला एक कोपरा उडाला. मागे कोणीतरी म्हणालं, "घट्ट हाय रशिया," आणि मामांनी वळून त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो भट्टीकडे चालता झाला. मालक घामाघूम झाले. साठी उलटलेला माणूस, पण त्यांनी घण दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही.

फोटोत नाव दिसायला हवं होतं. नाहीतर तो दुसरा कुठलाही पॅटर्न असू शकतो, असं पोलंडहून कळवलं होतं. नावाची अक्षरं दोन तुकड्यांत गेली होती. ते तुकडे मला एकमेकांना जुळवून ठेवावे लागले. गुडघ्यावर बसून मी ते जुळवले आणि फोटो काढला. हारांच्या फोटोला लागतो तितकाच वेळ त्याला लागला.

साहेबांनी तो कॉलवरच उघडला. बराच वेळ बघत होते.

"धन्यवाद," ते म्हणाले. मग, "लाकूड चांगलं होतं." आणि थोड्या वेळाने, "माझ्या आजोबांच्या शेतावर रशियाचीच यंत्रं होती. तेव्हा आम्ही मित्र होतो. म्हणजे आम्हाला तसं म्हणावं लागायचं." ते हसल्यासारखे झाले. "आता जे खरोखरचे मित्र आहेत ते समुद्रापलीकडून म्हणतात, खर्च जास्त होतोय, तुमचं तुम्ही बघा. कोण कोणाच्या बाजूला उभं आहे ते मला सकाळी बातम्या बघून कळतं."

हे मी मालकांना सांगितलं नाही, कारण ते मालकांसाठी नव्हतं. साहेबांच्या मागची खोली रिकामी दिसत होती. मी बाईंना त्यांच्या भावाबद्दल कधी विचारलं नव्हतं. आता म्हटलं, "ती मुलगी दिसत नाही."

"परत गेले. आईला घरी जायचं होतं."

"युद्ध चालू असताना?"

"हो. मीही तिला हेच विचारलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणाली, दुसऱ्याच्या घरात किती दिवस ठेवून घ्यायचं स्वतःला."

मग ऑर्डरवर बोललो. ती थांबली नाही. दुसरी शिफ्ट आजही चालते.

हाराची पिशवी मी बसने घरी आणली आणि संध्याकाळी बावड्याच्या घाटावर जाऊन निर्माल्य सोडलं. हळदीचे हात धुतले. आईने विचारलं, कसलं निर्माल्य? मी म्हटलं, ऑफिसातलं. त्या रात्री बाईंना लिहिलं, "फुलं आधी काढली." नेहमीच्या पत्त्यावर, एवढंच.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. मालकांनी या वेळी सगळ्यांचा मिळून फोटो काढला नाही. त्यांनी मला सांगितलं, एकेकाचा वेगळा काढ, आन् ज्याचा त्याला पाठव. भिंतीला पांढरी चादर लावून मी एकेक पॅटर्न तिच्यासमोर ठेवून फोटो घेतले. पोलंडला पोलंड गेला, पुण्याला पुणं. कुणाच्याही शेजारी कोणी दिसत नव्हतं. हार तेच होते, झेंडूही त्याच टोपलीतला, पण एकेकटे ते पॅटर्न देवाचे वाटत नव्हते, पासपोर्टच्या फोटोला बसवल्यासारखे वाटत होते. सगळ्यांची उत्तरं आली, छान छान.

स्टोअरमध्ये रशियाची जागा भरलेली आहे. एका अमेरिकन गिऱ्हाइकाने नमुन्यासाठी पॅटर्न करून घेतला आणि मग तिकडे आयातीवरचा कर वाढला म्हणून ऑर्डर थांबवली. तो पॅटर्न त्या फळीवर पडून आहे. पण फळीचं नाव बदललेलं नाही. पूजेच्या दिवशी मी चादर सोडवत होते तेव्हा ऐकलं.

"मामा, अमेरिका कुठं ठिवू?"

"रशियात ठेव."

"बसंना की रशियात. लांबडी हाय."

"तिरकी घाल. बसंल."

या वेळी मी आत होते. कोणी गप्प झालं नाही. मी हसले तेव्हा मामांनी वळून पाहिलं आणि तेही हसले. मग त्यांनी ताटातली उरलेली हळद त्या फळीच्या मोकळ्या राहिलेल्या कोपऱ्यावर टाकली, जिथे अमेरिका पोचत नव्हती.

त्या कोपऱ्याचा मी फोटो काढला. बाईंना पाठवला, खाली लिहिलं, "आज ऊन. बस वेळेवर. मी ठीक. तुम्ही? आणि तुमचा भाऊ?"

उत्तर आलेलं नाही. मेल परतही आलेली नाही.